वाटीचं वजन किती?

"एक वाटी रवा म्हणजे किती ग्रॅम?" हा प्रश्न परदेशात संसार मांडलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी पडतोच. मी पेशाने सीए, त्यामुळे मला त्यामागचा इतिहास आवडतो. तो मुळात हिशेबाचाच इतिहास आहे.

आपल्याकडे धान्य तोलण्यापेक्षा मापायचे जास्त. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, पुढे मण आणि खंडी. गूळ, हळद असा माल मात्र तागडीत जायचा. पंचाईत अशी की शेर, मण ही नावं मापालाही आणि वजनालाही! म्हणून जुन्या हिशेबांत मापाने मोजलेल्या धान्याला 'कैली' म्हणत आणि तोललेल्या मालाला 'वजनी'. आकडा कशाचा, हे आधी स्पष्ट करायचं. कुठल्याही ऑडिटरला आवडेल अशी शिस्त.

दुसरी भानगड शिगेची. उत्सुकता 'शिगेला' पोहोचते ना, ती शीग म्हणजे भरलेल्या मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा ढीग. माप शिगेसकट की सपाट, यावर घेणाऱ्याचा फायदा-तोटा ठरायचा. अमेरिकेत बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात कप सुरीने सपाट करून मोजायचा आग्रह धरला, तो याच कारणाने.

भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान वजनं आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर साधारण २३३. आज भाजीवाल्याकडे 'पावशेर' मागितलं की २५० ग्रॅम मिळतात. शब्द तोच, वजन बदललं.

बाजारात किलो आला, पण स्वयंपाकघरात वाटीच राहिली. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'तही प्रमाण वाटी-चमच्याचंच. त्यात चूक काहीच नव्हती. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हे गुणोत्तर आहे. वाटी लहान असो की मोठी, दोन्हीला तीच वापरली की झालं.

गाडी अडते ती पाककृती एका घरातून दुसऱ्या घरात जाताना. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन २५० चा, आणि आईची वाटी तिसरीच. शिवाय त्याच अमेरिकन कपात पाणी २३७ ग्रॅम, साखर साधारण २००, मैदा मात्र १२०-१२५ च. म्हणून 'एक वाटी बरोबर इतके ग्रॅम' असा सरसकट तक्ता शोधू नका. डॉलरचा दर आपण दिरहमला लावतो का? प्रत्येक जिनसाचा दर वेगळा.

पुढच्या भारतवारीत एक छोटा काटा सोबत न्या. आईला किंवा सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या वाटीने, त्यांच्या पद्धतीने, शीग ठेवत असतील तर शिगेसकट भरू द्या. रवा, बेसन, तांदूळ, साखर वेगवेगळी तोला आणि आकडे पाककृतीशेजारी लिहून ठेवा. आणखी वीस वर्षांनी आपली मुलं लाडू करायला घेतील, तेव्हा ती वाटी कोणाच्या वाट्याला आली असेल कोण जाणे. आकडे मात्र सगळ्यांना सारखे वाटता येतात.