तोडा, गारगोटी आणि टोपी

तोड्याची बंदूक मागासलेली, चकमकीची सुधारलेली, आणि ही सुधारणा आपण वेळेवर केली नाही म्हणून राज्य गेले, असे एक सोपे समीकरण आपल्याकडे रूढ आहे. शाळेत अडगावची लढाई आली की मुलेही हेच सांगत. वऱ्हाडचाच दाखला घेतला तर मात्र हे समीकरण जुळत नाही.

अडगाव म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्यातले, तेल्हारा तालुक्यातले. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथे भोसल्यांच्या फौजेची आणि आर्थर वेलस्लीची गाठ पडली. भोसल्यांच्या तोफा सुरू होताच वेलस्लीच्या तीन पलटणी मागे पळाल्या. त्यांना त्याने स्वतः जाऊन वळवले. या पलटणींच्या हातात चकमकीच्याच बंदुका होत्या! पुढे सोळा दिवसांनी, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. तिथे बेनीसिंग किल्लेदाराच्या पायदळाजवळ कंपनीच्या बनावटीच्या बंदुका होत्या, आणि तरीही गड गेला. उत्तरेकडून स्टीव्हन्सनने तोफा डोंगरावर चढवल्या आणि आतल्या तटाला शिड्या लागल्या, म्हणून तो गेला. चिखलदऱ्याला सहलीला जाणाऱ्यांनी तिथल्या तोफांवर बसून फोटो काढण्याआधी एवढे तरी वाचावे. असो.

मग सामान्य शिपाई तोड्यालाच का चिकटून राहिला? याचे उत्तर बंदुकीच्या नळीत नाही, चापात आहे.

तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची वात. ती एका वाकड्या पकडीत अडकवायची. चाप ओढला की पकड खाली झुकते आणि जळते टोक कानातल्या रंजकीला लागते. साधी तरफ आहे ही. मोडली तर गावचा लोहार विळा-खुरप्याच्या कामातून वेळ काढून ती दुरुस्त करून देई.

चकमकीच्या बंदुकीत चापाचे काम बदलले. चाप आता स्वतः काही पेटवत नाही, तो फक्त अडकण सोडवतो. घोड्याला जोर मिळतो तो आतल्या दाबलेल्या कमानीचा. घोड्याच्या तोंडातली गार पोलादी पट्टीवर घासते, ठिणगी पडते, बार उडतो. गारेची आपल्याला वाण नव्हती, आपल्या काळ्या दगडात गारगोट्या पुष्कळ. अडचण कमानीची. पोलादाला पाणी जास्त चढले तर ती तडकन मोडते, कमी चढले तर लोळागोळा होते. एकसारख्या हजारो कमानी करायला कारखाना लागतो, तो मोठ्या सरकारच्या पदरी असतो. गरीब माणसाने स्वस्त आणि दुरुस्त होणारी वस्तू धरून ठेवली, यात मला तरी मूर्खपणा दिसत नाही.

पिस्तुलाचा हिशेब वेगळा. (हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, काडतूसही तसाच.) जळता तोडा कमरेला खोचून घोड्यावर कोण बसणार? एका हातात लगाम, मग वात फुंकायची कधी? म्हणून कमरेला लावायचे हत्यार चकमकीमुळेच खरे उपयोगाचे झाले, आणि महाग असल्यामुळे ते बड्या लोकांपुरते राहिले. पुढे १८५१ ला अॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकाच चापाने घोडा उठू आणि पडू लागला. १८५६ ला ब्यूमाँटने सुधारणा केली, तेव्हा घोडा अंगठ्यानेही चढवता येऊ लागला.

आमच्या खेड्यांपर्यंत आलेली सुधारणा मात्र टोपीची. फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ ला आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले, त्यातून पुढे तांब्याची टोपी निघाली. १८३४ ला वूलविचला दोन्ही जातींच्या बंदुकांतून सहा-सहा हजार बार काढून पाहिले. चकमकीचे ९२२ बार फुकट गेले, टोपीचे फक्त ३६! शिवाय जुनी नळी टाकावी लागत नव्हती. कान बुजवायचा, टोपी बसवायला बोंडी लावायची, घोडा बदलायचा, की झाली ठासणीची बंदूक. गरिबाच्या हत्याराची याहून स्वस्त सुधारणा झाली नसेल.

पण टोपीतला पाऱ्याचा स्फोटक क्षार लोहाराच्या भात्यापाशी होत नाही. तोडा घरी वळता येई, टोपी विकत आणावी लागे. त्यात १८५७ नंतर सरकारला रयतेच्या हातातली बंदूक खुपू लागली, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय ती बाळगता येईना. म्हणजे सुधारणा झाली, आणि तिची किल्ली गावाबाहेर गेली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, परवाना राहिलाच.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या पाटलांकडे डुकरांपासून पीक राखायला अशी एक ठासणीची बंदूक होती. नळीच्या उजव्या बाजूला पितळेने बुजवलेले एक भोक होते, बोट फिरवले की लागायचे. तो जुन्या तोड्याच्या बंदुकीचा कान. नळी कोणाची, कोणत्या पिढीतली, घरात कोणालाच सांगता येत नसे. एकदा तिची कमान मोडली. लोहाराने उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "कमान देतो बसवून पाटील, पन टोपी काई मले घडता येत नाई." टोप्या मिळेनाशा झाल्यावर पाटलांच्या मुलाने ती ठाण्यात जमा केली. त्यानंतर त्यांच्या शेतात रात्री रॉकेलचा रिकामा डबा वाजायचा.