दृष्टान्त आणि व्यवहार

व्यापारी मनुष्याला वक्तृत्व कशाला हवे, असे पुष्कळांना वाटते. माल चोख असावा, माप खरे असावे, म्हणजे झाले. परंतु परतवाड्यासारख्या पेठेत, जेथे मेळघाटचे सागवान आणि आसपासच्या शिवारांतला कापूस व संत्री यांची देवघेव चालत आली आहे, तेथे प्रत्येक सौदा बोलण्यानेच सुरू होतो. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत भागभांडवल वाढवायचे असो की नव्या धंद्याला चार भागीदार मिळवायचे असोत, लोकांपुढे उभे राहून बोलावेच लागते. आणि तेथे बहुधा काय घडते? वक्ता आकडे वाचतो आणि सभासद दाराकडे पाहतात. यावर उपाय म्हणून 'भाषणात गोष्ट सांगा' असा उपदेश हल्ली व्यवसायशिक्षणाच्या वर्गांतून होतो व तो परदेशी विद्या म्हणून आपल्यापुढे येतो. आमचे म्हणणे असे की, ही विद्या वऱ्हाडच्या मातीत सातशे वर्षांपूर्वीच रुजली. आणि तिला एक अट आहे, ती विसरून चालणार नाही.

परतवाड्यापासून फार दूर नसलेले रिद्धपूर हे महानुभावांचे पूज्य स्थान. चक्रधरस्वामी लोकांशी बोलताना दृष्टान्त देत. केसोबासांनी असे ११४ दृष्टान्त 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केले. या ग्रंथाची बांधणी व्यापाऱ्याने मुद्दाम पाहावी. आधी सूत्र, म्हणजे सांगायचे ते थोडक्यात. मग दृष्टान्त, म्हणजे गोष्ट. शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीचा मूळ मुद्द्याशी जोडून दाखविलेला संबंध. जन्मांध माणसे हत्तीला चाचपतात. पायाला हात लागतो त्याला तो खांबासारखा वाटतो, कानाला लागतो त्याला सुपासारखा. एवढ्यावर थांबले तर ती केवळ करमणूक. दार्ष्टान्तिक आले की ऐकणारा आपण कोठे चाचपडत आहोत हे पाहू लागतो. आमच्या सभांतून नेमका हाच तिसरा भाग गळतो. वक्ता विनोद सांगतो, लोक हसतात, आणि भाग खरेदी न करता घरी जातात.

या कलेचा व्यवहारात केवढा उपयोग होऊ शकतो, हे याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांनी, म्हणजेच गाडगेबाबांनी दाखविले. दापुरे येथे मामांच्या घरी ते वाढले. मामांची शेती सावकाराच्या कर्जात गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९०५ साली घर सोडल्यावर त्यांच्या कीर्तनात कर्ज हा विषय पुन:पुन्हा आला, यात नवल नाही. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे त्यांनी घाट बांधविला. त्या गावाचे नावच जणू त्यांच्या कीर्तनाचे सूत्र होते.

त्यांची रीत पाहा. ते प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. माणूस दुसऱ्याचा निष्कर्ष टाळतो. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर त्याला टाळता येत नाही. भाषा घरची, वऱ्हाडी. आणि अमूर्त काही नाही. शिक्षणाचे महत्त्व असे मोघम न बोलता ते म्हणत की, जेवायचे ताट मोडा, भाकरी हातावर घ्या, पण पोराला शाळेत घाला. ताटाची किंमत आणि शाळेचा खर्च ऐकणाऱ्याच्या मनात समोरासमोर येई. जमाखर्चच तो, पण डोळ्यांना दिसणारा! नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या अखेरच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. सभेत बोलणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा ऐकावे.

परतवाड्यालाही या परंपरेचा अभिमान वाटावा असे एक कारण आहे. १९१६ साली येथे जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुणपणी गाडगेबाबांच्या सहवासात होते. पुढे ते मोठे कादंबरीकार झाले आणि आपल्या कादंबऱ्या श्रोत्यांपुढे वाचून दाखवू लागले.

आता ती अट. गोष्ट ही दुधारी असते. सावकारही गोड गोष्टी सांगत असे; दामदुपटीची योजना घेऊन येणाराही सांगतो. कथेने मन वळते, म्हणूनच कथेने फसवणूकही होते. नुसत्या गोड बोलण्यावर बाजार सोडता येत नाही, म्हणून तर १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा करावा लागला. गाडगेबाबांच्या शब्दावर शेठसावकारांनी धर्मशाळांसाठी मोठ्या रकमा दिल्या, त्या केवळ रसाळ कीर्तनामुळे नव्हेत. हा मनुष्य दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडी आणि रात्री स्वच्छतेवर बोले. नाशिक, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांची मालकी त्याने स्वतःकडे वा कुटुंबाकडे ठेवली नाही. कारभार विश्वस्तांकडे दिला. दार्ष्टान्तिक प्रथम वक्त्यालाच लागू होत होते.

तेव्हा सभेत उभे राहणाऱ्या व्यापारीबंधूंना आमचे सांगणे एवढेच. मुद्दा एका वाक्यात सांगा. गोष्ट आपल्या शिवारातली, आपल्या पेठेतली सांगा. ती ऐकणाऱ्याच्या घरापर्यंत नेऊन पोहोचवा. आणि गोष्ट संपताच हिशेबाची वही सर्वांपुढे उघडी ठेवा. वही उघडण्याची तयारी नसेल, तर गोष्ट सांगू नये.