सेलेनियमचा आळस आणि प्रकाशग्राहकांचा वेग

समुद्राच्या तळाशीं टाकावयाच्या तारेची तपासणी चालू असतां प्रकाशशास्त्रांतील एका मोठ्या प्रकरणास आरंभ व्हावा, हा योगायोग मौजेचा खरा. विलोबी स्मिथ नांवाच्या इंग्रज विद्युत्तज्ज्ञाला या तपासणीसाठीं विजेस मोठा विरोध करणारा पदार्थ हवा होता. म्हणून त्यानें सेलेनियमच्या कांड्यांना प्लॅटिनमच्या तारा जोडून त्या कांचेच्या नळ्यांत बंद केल्या. बर्झेलियसनें १८१७ सालीं शोधलेलें आणि चंद्राच्या ग्रीक नांवावरून नांव पावलेलें मूलद्रव्य तें हेंच. पण कांड्यांचा विरोध कांहीं केल्या स्थिर राहीना. आज एक आकडा, तर उद्यां भलताच! स्मिथ व त्याचा साहाय्यक मे यांना अखेर आढळलें कीं, नळ्या झाकणाच्या पेटींत असल्या म्हणजे विरोध फार. झाकण सरकवून उजेड आंत सोडला कीं तो एकदम उतरतो. फेब्रुवारी १८७३ मध्यें हें वृत्त लंडनच्या तारायंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढें वाचलें गेलें.

उजेड पडतांच वीज अधिक वाहते, एवढें ठरलें. पण ‘पडतांच’ म्हणजे किती वेळांत? त्याच वर्षीं लेफ्टनंट सेल यानें रॉयल सोसायटीला कळविलें कीं, उजेडाचा परिणाम जवळजवळ तत्काळ होतो. उजेड काढून घेतल्यावर मात्र पदार्थ पूर्वस्थितीला येण्यास बराच अधिक वेळ लागतो. निरीक्षण मोलाचें होतें. तरी त्यांतील ‘तत्काळ’ हा शब्द जपूनच घेतला पाहिजे. विद्युन्मापकाच्या सुईला स्वतःचें वजन असतें आणि ती हलण्यासच कांहीं अवधि जातो. मंद चालीच्या जासुदानें आणलेलें पत्र केव्हां लिहिलें गेलें, हें त्याच्या पावलांवरून कसें कळावें?

या अडचणींतून सुटण्याची वाट ग्रॅहॅम बेल आणि त्याचा सहकारी टेंटर यांच्या कामांत दिसते. प्रकाशाच्या झोताआड भोंकें पाडलेली तबकडी फिरवावयाची, म्हणजे उजेड तुटक तुटक येतो आणि सेलेनियमला जोडलेल्या टेलिफोनमधून सूर निघतो. भोंकांची संख्या व दर सेकंदाचे फेरे यांचा गुणाकार केला कीं, सेकंदाला किती झोत आले हें कळतें. तबकडीचा वेग वाढवीत गेल्यास सूर चढतो. पण प्रकाशग्राहक मागें पडूं लागला, तर सूर चढतांना क्षीणही होत जातो. ही क्षीणता मोजली कीं त्याचा आळस मोजला गेला! १८८० सालीं वॉशिंग्टन शहरांत फ्रँकलिन शाळेच्या छपरावरून टेंटर बोलला, आणि २१३ मीटर अंतरावरील प्रयोगशाळेंत बेलनें तें बोलणें सूर्यकिरणांवरून ऐकलें. आळशी सेलेनियमकडूनही हें साधलें, कारण टेलिफोनला प्रवाहांतील लहानसा चढउतारही पुरतो.

चित्रें पाठवितांना मात्र अशी सवलत नव्हती. जर्मनींतील आर्थर कॉर्न तारेनें छायाचित्रें पाठवूं लागला, तेव्हां मागील ठिपक्याचा उजेड सेलेनियमच्या अंगीं रेंगाळून पुढच्या ठिपक्यांत मिसळूं लागला व रेखा पुसट होऊं लागल्या. कॉर्ननें दोष झांकण्याऐवजीं दुसरा दोष त्याच्यासमोर उभा केला. पहिल्याहून सुस्त असा दुसरा सेलेनियमघट त्यानें अशा रीतीनें जोडला कीं, एकाचें रेंगाळणें दुसऱ्यानें खोडून काढावें. १९०७ सालीं त्याची चित्रें म्युनिकहून बर्लिनला गेलीं.

चित्रपटाच्या फितीवर ध्वनि छापण्याची वेळ आली, तेव्हां दर सेकंदाला हजारों कंपनें उचलणारा प्रकाशग्राहक लागला. सेलेनियमकडून उंच सूर पुरे निघत ना. येथें उपयोगी पडली दोन शाळामास्तरांची कामगिरी! वोल्फेनब्यूटेल गांवच्या एकाच शाळेंत शिकविणाऱ्या एल्स्टर व गायटेल यांनीं १८९० च्या सुमारास सोडियम, पोटॅशियम यांसारख्या धातूंचे प्रकाशविद्युत्-घट तयार केले होते. यांत उजेड पडला कीं धातूंतून विद्युत्कण बाहेर पडतात. पुढें प्रवाह वाढविण्यासाठीं अशा घटांत थोडा वायु भरूं लागले. परंतु वायूचे विद्युत्भारित कण जड, म्हणून तेही कांहींसे रेंगाळत. निर्वात घट दुबळा खरा, पण तत्पर.

किती तत्पर? हा प्रश्न आतां केवळ यंत्राचा राहिला नव्हता. प्रकाश ही निव्वळ लाट असेल, तर मंद उजेडांत धातूच्या कणाला पुरेशी ऊर्जा थेंबाथेंबानें सांठवावी लागेल आणि विलंब दिसेल. १९०५ सालीं आइन्स्टाइननें म्हटल्याप्रमाणें ऊर्जा नगानगानें येत असेल, तर सांठविण्याचें कारणच नाहीं. पण इतका सूक्ष्म वेळ मोजणारें झाकण कोठून आणावयाचें? भोंकांची तबकडी येथें निरुपयोगी. केरनें १८७५ सालीं दाखविलें होतें कीं, विजेच्या दाबाखालीं कांहीं पदार्थांतून जाणाऱ्या प्रकाशाचें वळण बदलतें. हा गुण प्रकाशाचें झाकण म्हणून वापरतां येतो. पण झाकणच सुस्त असेल तर? १८९९ सालीं अब्राहम व लेमॉइन यांनीं युक्ति केली. एकाच ठिणगीनें झाकणावरील विजेचा दाब उतरवावयाचा आणि त्याच ठिणगीचा उजेड आरशांवरून लांबच्या वाटेनें फिरवून झाकणापाशीं आणावयाचा. प्रकाश एका अब्जांश सेकंदांत सुमारें एक फूट जातो. म्हणजे घड्याळाचें काम फूटपट्टीनें झालें. झाकण एक कोट्यंश सेकंदाहूनही चपळ ठरलें.

तसलेंच झाकण घेऊन लॉरेन्स व बीम्स यांनीं १९२८ सालीं प्रकाशविद्युत्-घटाची परीक्षा घेतली. उजेड पडल्यापासून तीन अब्जांश सेकंदांच्या आंत विद्युत्कण निघूं लागतात, असें त्यांना आढळलें. तेवढ्या वेळांत प्रकाश जेमतेम ९० सेंटिमीटर जातो. हा निकाल आइन्स्टाइनच्या बाजूचा मानला गेला. तथापि लॅम व स्कली यांनीं १९६९ सालीं दाखविलें कीं, अणूच्या अंगीं ऊर्जेच्या ठराविक पायऱ्या मानल्या, तर प्रकाशाला लाट समजूनही विलंब न होण्याचा उलगडा करतां येतो.

आज प्रकाशग्राहकांवर लेसरचे झोत सोडतात आणि ते एका सेकंदाच्या लक्षकोटी भागाहूनही आंखूड असूं शकतात. आलेली नोंद पडद्यावर पाहणाऱ्या यंत्राचा स्वतःचा विलंब त्या आकड्यांतून अजूनही वेगळा काढावा लागतो. सेलच्या सुईची ती अडचण तेवढी राहिली आहे.