तळटीप १७ : ‘राखेच्या बुधवारी पहिला तास झाला नाही’

आधीच्या आवृत्तीत इथे ‘सुट्टी असल्यामुळे’ अशी टीप होती. ती चुकीची असल्याने बदलली आहे. राखेच्या बुधवारी ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. त्याचे दिवस चाळीस, रविवार त्यात धरत नाहीत. लेखिकेच्या वसईतल्या कॅथलिक शाळेत त्या दिवशी पहिल्या तासाला मुले रांगेने चर्चमध्ये जात. मिस्सामध्ये फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेने क्रूस काढत. ही राख आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. वर्षभर घरच्या अल्तारामागे खोचून ठेवलेली वाळकी पाती मुलेच दप्तरातून आणून देत. मधल्या सुट्टीपर्यंत घामाने क्रूस पुसट होई, तरी नळावर तोंड धुताना कपाळ तेवढे कोरडे ठेवायची धडपड चाले. पुढे शुक्रवारी क्रूसाची वाट, चौदा स्थाने, आणि खाऊचे पैसे दानपेटीत.

कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला गेली की बाकीच्यांना नीतिशिक्षणाचा तास असे. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. शाळा मान्यताप्राप्त किंवा अनुदानित असेल, तर कलम २८(३) प्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मला मात्र या प्रकरणात कलमांहून महत्त्वाची वाटते ती लेखिकेच्या बाकावरची हिंदू मैत्रीण. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही, कारण शेजारणीचा उपवास होता.

— संपादक