पिसू, चुना आणि वाफ

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो करवीर संस्थानातही येऊन थडकला. त्या वेळच्या सरकारी उपायांत पहिला मान जंतुनाशकाचा. घर रिकामे करायचे, जमीन उकरायची, भिंतींना चुना नि कार्बोलिक मारायचे, अंथरूण-पांघरूण जाळायचे. पुण्यात यावरून केवढा क्षोभ उसळला, ते शिक्षकबंधूंना सांगायला नकोच. एवढे करून नेम मात्र चुकत होता.

१८९८ मध्ये कराचीत सिमोंड नावाच्या फ्रेंच डॉक्टराने दाखवले, की प्लेग उंदराच्या पिसवांमार्फत माणसाला होतो. बरीच वर्षे ते कोणी मनावर घेतले नाही! पुढे १९०५ नंतर प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांचे पिंजरे मांडले. जमिनीवरच्यांना प्लेग झाला. दोन फूट उंच टांगलेले वाचले. पिसू तेवढी उंच उडत नाही, इतकीच गोष्ट. मग भिंत कितीही धुवा!

कोल्हापुरात शाहू महाराजांनी लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवले. माणसे रानात गेली आणि उंदीर मागे राहिले. माझ्या मते त्या दिवसांतला हाच खरा उपाय. २०२० साली करोनात आपण ट्रॅक्टर लावून रस्ते फवारले, तेव्हा ही हकिकत आठवायला हवी होती.

मग जंतुनाशक फुकटच का? तसे नव्हे. इस्पितळातली वाट निराळी. तिथे जंतू येतो तो हातावरून आणि चिमट्याच्या दातांतून. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने मरणाऱ्या बायका झपाट्याने कमी झाल्या. आपल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सी. पी. आर. मध्ये, डॉ. कृष्णाबाई केळवकर बायकांवर उपचार करीत, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

हत्यारांचे काय? नुसते उकळून भागत नाही. धनुर्वाताच्या जंतूचे बीज उकळत्या पाण्यातही तग धरते. त्याला कोंडलेली वाफच लागते, आपल्या प्रेशर कुकरसारखी. १८७९ मध्ये शांबरलां यांनी तसा डबा केला. त्यालाच ऑटोक्लेव्ह म्हणतात. १२१ अंशांची वाफ, निदान पंधरा मिनिटे. गाठोडे जाड असेल तर जास्त. पण त्याआधी हत्यार ब्रशने घासून धुवायचे, कारण वाळलेल्या रक्ताच्या खपलीखाली वाफ पोचत नाही. आणि डबा गच्च भरायचा नाही. मधे फट हवी, म्हणजे आतली हवा निघून वाफ शिरते.