मौन म्हणजे होकार?

दिवाळीच्या अंकात प्रवासाची गोष्ट सांगावी, नाटकमंडळीच्या आठवणी सांगाव्या, फार तर एखादी भुताची कथा सांगावी. छापील फॉर्मच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांची गोष्ट कोणी सांगू नये, हे मला कळते. पण गेली दोन वर्षे ती अक्षरे माझ्या मनातून जात नाहीत. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचकांनी ही हकीकत ऐकून घ्यावी, एवढीच विनंती.

मी एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि पुढे चित्रकलेच्या परीक्षा. कायद्याच्या पुस्तकांशी माझा कधी संबंध आला नव्हता. तो आला एका रंगपेटीमुळे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका शिकवणीच्या कंपनीचे गृहस्थ शाळेत आले. मुलांसाठी चित्रकलेची स्पर्धा, प्रत्येकाला कागद आणि रंगपेटी फुकट. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांना धड खडू मिळत नाहीत. मला कोण आनंद झाला! कागदाच्या पाठीमागे मुलाचे नाव, इयत्ता, पालकांचे नाव आणि मोबाइलचा क्रमांक लिहावयाचा होता. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: कंपनीच्या योजनांची माहिती देण्यासाठी आपल्याशी संपर्क साधण्यास आपली संमती आहे. मी ती वाचली नाही. उलट मुलांना दम भरला, "उद्या प्रत्येकाने सही आणलीच पाहिजे." बेचाळीस सह्या आल्या. बेचाळीस रंगपेट्या मी मोजून वाटल्या.

दिवाळीची सुटी संपल्यावर एका मुलीची आई शाळेच्या व्हरांड्यात माझी वाट पाहत उभी होती. चार घरी स्वयंपाक करून ती मुलीला शिकवते. पदराशी चाळा करीत ती म्हणाली, "सर, ते हप्ते आता थांबवता येतील का?"

"कसले हप्ते, ताई?"

मग सारे उलगडले. आठ दिवसांत तिला सहा वेळा फोन आले होते. बोलणाऱ्याला मुलीचे नाव ठाऊक होते, इयत्ता ठाऊक होती. शेवटी तिने वर्षभराच्या शिकवणीला हप्त्यांवर होकार दिला. "त्यांनी तुमचं नाव घेतलं, सर. मग नाही कसं म्हणू?" ती म्हणाली. मला त्या व्हरांड्यात उभे राहवेना.

मी तिच्याबरोबर त्या कचेरीत गेलो. पुढचे हप्ते थांबले. भरलेले तीन परत मिळाले नाहीत. तेथल्या माणसाने माझ्यापुढे तोच फॉर्म ठेवला आणि तळच्या ओळीवर बोट ठेवले. "सही आहे ना?" सही होती. माझ्याच सांगण्यावरून झालेली.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. माणसाने दुकानदाराला "नको" म्हणण्याचा हक्क प्रथम कोठे मागितला आणि तो मिळवावयास त्याला काय काय करावे लागले, हे मला जाणून घ्यावयाचे होते. आपल्याकडे दारावरच्या विक्रेत्याला "नको हो बाबा" म्हटले की काम भागते. वाड्यांवर आणि सोसायट्यांवर तशा पाट्याही असतात. पण पत्र दार ठोठावीत नाही. ते सरळ आत येते. म्हणून या भांडणाचा एक मोठा टप्पा सुरू झाला तो टपालाच्या पेटीपाशी, आणि तोही अमेरिकेत.

तेथे नावापत्त्यांच्या याद्या विकण्याचा मोठा व्यापार होता. एका यादीत नाव गेले की जाहिरातपत्रांचा पाऊस पडू लागे. त्यांत आईबापांना लाज वाटावी अशीही पत्रे येत. १९६७ साली तेथील काँग्रेसने कायदा केला. घरच्या माणसाला एखाद्याची जाहिरात असभ्य वाटली, तर त्याने टपालखात्याला कळवावे. खाते त्या व्यापाऱ्याला पत्रे बंद करण्याचा हुकूम देईल. शिवाय ते नाव यादीतून खोडावयाचे आणि दुसऱ्या कोणास विकावयाचे नाही. व्यापारी कोर्टात गेले. आमच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला आला, असे त्यांचे म्हणणे. १९७० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे एकमताने फेटाळले. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा की, बोलण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण ऐकावयाची इच्छा नसलेल्या माणसाच्या पत्रपेटीपाशी तो संपतो. आणि काय नकोसे आहे, हे ठरविणारा त्या घरचा माणूस. अन्य कोणी नव्हे.

युरोपात याच हेतूने ज्या याद्या झाल्या, त्यांना रॉबिन्सन यादी असे नाव पडले. निर्जन बेटावर एकटा राहणारा रॉबिन्सन क्रूसो आपल्या मुलांनाही माहीत आहे. ज्याला जाहिराती नकोत त्याने या यादीत नाव घालावे. कल्पना गमतीची आहे. पण मला तिच्यात एक बोच दिसली. जाहिरात नको असणारा तो बेटावरचा एकांडा, आणि बाकी सारे जग बाजारात! मौन धरणाऱ्याला होकार देणाऱ्यांतच मोजावयाचे, हा हिशेब तसाच राहिला.

या हिशेबाला मोठा धक्का बसला तो १९९० साली. लोटस ही संगणकाच्या क्षेत्रातली कंपनी आणि इक्विफॅक्स ही लोकांच्या पतीची माहिती ठेवणारी कंपनी, या दोघींनी मिळून सुमारे बारा कोटी अमेरिकनांची माहिती तबकड्यांवर भरून विकावयाचे जाहीर केले. नाव, पत्ता, अंदाजे उत्पन्न, खरेदीच्या सवयी, सारे त्यात. ज्याला नको असेल त्याने कळवावे, त्याचे नाव वगळू, असेही सांगितले. पण एकदा विकलेल्या तबकडीवरून नाव कसे खोडणार? लोकांनी हा प्रश्न एकमेकांना विचारला. संगणकावरून पत्रे फिरली. सुमारे तीस हजार लोकांनी आपले नाव काढा म्हणून कळविले, आणि जानेवारी १९९१ मध्ये कंपनीने ती योजनाच मागे घेतली. बारा कोटींपुढे तीस हजार म्हणजे मूठभर. परंतु बाकीच्यांचे मौन हा होकार नव्हे, हे त्या मूठभरांनी दाखवून दिले.

पुढे टेलिफोन आला. पत्र निदान वाट पाहते. फोन हातातले काम टाकावयास लावतो. अमेरिकेत जून २००३ मध्ये "फोन करू नका" अशी राष्ट्रीय नोंदवही उघडली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत तीत पाच कोटींहून अधिक क्रमांक नोंदले गेले. जाहिरातवाले पुन्हा कोर्टात गेले. २००४ मध्ये निकाल पुन्हा लोकांच्या बाजूने लागला, आणि त्याला आधार म्हणून पत्रपेटीचा तो १९७० चा निकाल घेतला गेला.

आपल्याकडे मोबाइल झपाट्याने घरोघर पोचला आणि त्याच्या मागोमाग कर्ज, विमा, भूखंड विकणारे आले. २००७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, पहिले नियम केले आणि आपलीही नोंदवही सुरू झाली. फोन थांबले नाहीत. मग २०१० चे नियम आले, ते सप्टेंबर २०११ पासून अमलात आले. १९०९ या क्रमांकावर कळवून सगळ्या जाहिराती बंद करता येऊ लागल्या, किंवा सात वर्गांपैकी हवे ते ठेवून बाकीचे नाकारता येऊ लागले. त्या सातांत बँक होती, घरे-जमिनी होत्या, आरोग्य होते आणि शिक्षणही होते. शिक्षणाचे नाव बाजाराच्या यादीत वाचून मास्तर असल्याची मला थोडी शरमच वाटली. २०१८ साली नियम पुन्हा बदलले. संदेश पाठविणाऱ्यांची नावे, मजकुराचे नमुने आणि ग्राहकांची संमती, या सर्वांची नोंद ठेवणारी संगणकीय खतावणी आली. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने जाहिरातीच्या संदेशातच "नको" म्हणण्याची सोय देणे सक्तीचे केले.

मग त्या माउलीला फोन आले कसे? तिने नोंदवहीत नाव घातले नव्हते हे खरे. पण घातले असते तरी पाठीमागचे एक दार उघडेच होते. ग्राहकाने एखाद्या कंपनीला स्पष्ट संमती दिली असेल, तर त्या कंपनीपुरता नोंदवहीतला नकार लागू होत नाही. नियम वाजवी आहे. परंतु मुंगीएवढ्या ओळीखालच्या, मास्तरांच्या धाकाने झालेल्या सहीला संमती म्हणावयाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात अलीकडे मिळू लागले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. दावा आणणारे न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधनांना दीड वर्षाची मुदत दिली गेली. कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे: संमती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, ती साध्या भाषेत मागावी, आणि ती मागणी मराठीसह घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी, जितक्या सहज संमती देता येते, तितक्याच सहज ती मागे घेता यावी. आणि अठरा वर्षांखालील मुलांना हेरून त्यांच्यावर जाहिराती सोडावयाच्या नाहीत.

हे वाचताना मला जाणवले की, पन्नास-साठ वर्षांचे हे सारे भांडण एका प्रश्नाभोवती फिरते आहे. "नको" म्हणण्याचे कष्ट कोणी घ्यावयाचे? "मौनं संमतिलक्षणम्" हे वचन आपण लग्नाच्या बोलण्यात थट्टेने वापरतो. व्यापाऱ्यांनी ते फार गंभीरपणे घेतले. ज्याला इंग्रजी येते, सवड आहे, १९०९ ठाऊक आहे, तो सुटतो. चार घरचा स्वयंपाक करणारी सापडते. म्हणून विचारण्याचे कष्ट विचारणाऱ्यानेच घ्यावेत, हा न्याय मला मोठा वाटतो. कायदा झाला म्हणजे फोन थांबले असे नव्हे, हे २००७ नंतर आपण पाहिलेच आहे. पण निदान शरम कोणाला वाटावी, हे तरी ठरले.

या वर्षी पुन्हा एक कंपनी स्पर्धा घेऊन आली. मी तळची ओळ काढावयास सांगितली आणि वेगळ्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत छापले: कंपनीने आपल्याला फोन केलेला चालेल का? होय. नको. त्याखाली लिहिले, "काहीच न लिहिल्यास 'नको' असे समजू." ती चिठ्ठी पाहून गृहस्थ हसले, विचार करून कळवितो म्हणाले, आणि पुन्हा आले नाहीत.

मुलांना रंगपेट्या मिळाल्या नाहीत, याचे मला वाईट वाटले. स्पर्धा आम्ही शाळेतच घेतली, जुन्या खडूंच्या तुकड्यांवर. चिठ्ठ्या मात्र छापून तयारच होत्या, म्हणून पालकसभेत वाटल्या आणि त्या कशासाठी केल्या होत्या तेही सांगितले. दोन वर्षांपूर्वीची माझी चूकही त्याच वेळी सर्वांसमोर कबूल केली. कोणी रागावले नाही. त्याने मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

सभा संपल्यावर ती बाई टेबलाशी आली. कंपनी आता येणार नाही, तेव्हा चिठ्ठी भरावयाची गरज नाही, असे मी तिला म्हटले. तिने माझे पेन मागून घेतले, "नको" या शब्दाभोवती सावकाश वर्तुळ काढले आणि खाली पूर्ण नावाची सही केली.

"असू द्या, सर," ती म्हणाली, "कुणी विचारलं होतं, एवढं तरी राहील."