निर्णयसागरचे मालक आणि टाईपाचा दगड

निर्णयसागर छापखान्यातून निघालेला एखादा जुना संस्कृत ग्रंथ उघडला, की विषयाकडे लक्ष जाण्यापूर्वीच डोळा त्याच्या अक्षरांवर खिळतो. तीन-तीन व्यंजनांच्या जोडाक्षरातही रेघ तुटलेली नाही, मात्रा कलंडलेली नाही. या सौष्ठवाचे श्रेय भांडवलाला किंवा यंत्रसामग्रीला देणाऱ्यांनी मालकाचे पूर्वचरित्र एकदा अवश्य पाहावे.

जावजी दादाजी (१८३९–१८९२) बालवयातच मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा २ रुपयांवर टाईप घासण्याच्या चाकरीस लागले. साच्यातून निघालेल्या टाईपाच्या, म्हणजे खिळ्याच्या, कडांना धातूचा कोर राहतो, तो दगडावर घासून काढावयाचा. परंतु हात किंचित अधिक चालला तर खिळा बारीक होऊन ओळीत डगमगतो, आणि कमी चालला तर दोन अक्षरांमध्ये फट पडते, म्हणून हे वरवर हमालीचे दिसणारे काम वस्तुतः बोटांच्या अत्यंत सूक्ष्म जाणिवेचे असते. त्या दगडापाशी तालीम घेतलेल्या मनुष्याने १८६४ साली स्वतःचा टाईपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागरची स्थापना केली, तेव्हा कारागिराने केलेली हयगय त्याच्यापासून लपणार तरी कशी! हिशेबाच्या वह्यांवरून कारखाना चालविणारा मालक फार तर खिळे मोजतो; खिळ्यातला दोष ओळखण्यास बोटांना त्याची ओळख असावी लागते.

तथापि स्वतः काम जाणणे म्हणजे दुसऱ्याचे हत्यार हिसकावून घेणे नव्हे, आणि मला जावजींची खरी थोरवी येथेच दिसते. पोलादी पंचावर उलटे अक्षर कोरणे, आणि तो पंच तांब्यावर ठोकून ज्यात शिसे ओतावयाचे ती मातृका सिद्ध करणे, हे कसब निराळे. ते राणोजी रावजी आरू यांच्या हाती होते, आणि निर्णयसागरी वळणाचे जे कौतुक झाले त्यात आरूंचा वाटा फार मोठा आहे. काम जाणणाऱ्या धन्यालाच आपल्याहून सरस हात पारखता येतो व त्याला मोकळीक देण्याचे धैर्य होते.

पुढे १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथांची माला निघू लागली व शास्त्रीमंडळींत छापखान्याची प्रतिष्ठा दृढ झाली. परंतु त्याआधीच, १८८१ पासून, विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिकही याच छापखान्यात छापले जात होते.